तोंड मोकळं ठेव

हिंगोलीच्या ज्या डॉक्टरांकडं आमच्या ह्यांचा शेवटचा इलाज झाला, तिथं मी अजूनही जाते. माझी बीपीची गोळी असते. बाकड्यावर बसलं की शेजारी कुणीतरी बाई असतेच. नवऱ्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी, नाहीतर सासऱ्याला दम. मला ओळखतात आता. विचारतात, काकू, तुमच्याकडं शेवटी घशात नळी घालून मशीन लावलं का न्हाई? आणि न्हाई लावलं तर पोरानं ऐकलं कसं? किती बायांना तोंडी सांगू? म्हणून लिहून काढते. मी दहावी झालेली बाई, गोरेगावात पिठाची गिरणी चालवणाऱ्याची बायको. फुफ्फुसाचं शास्त्र मला विचारू नका, त्याला डॉक्टर आहेत. मी फक्त आमच्या घरात काय झालं ते सांगणार, आणि ते सांगायचं तर दातांपासून सुरुवात करावी लागते.

मंजन

ह्यांचं नाव दत्तराव. गिरणीवाल्याच्या तोंडात दिवसभर पीठ जातं. हिरडीला चिकटतं, त्याची खळ होते. म्हणून ह्यांना दात घासायचं येड लागलं. सकाळी काळं मंजन, गिरणी बंद केली की परत काळं मंजन. त्यात स्वतःच्या अकलेनं चुलीतली राख आणि जाडं मीठ कालवायचे. मोरीत घासायला लागले की करकर स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायची. मी म्हणायचे, "अहो, दात घासून राहिले की कढई?" तर फेस थुंकून म्हणायचे, "बघ, कसे चमकून राहिले." चमकायचे, खोटं काहून बोलू. लग्नात माझ्या मैत्रिणींनी त्यावरनंच मला चिडवलं होतं.

पुढं ब्रश आला, तर त्यातला सगळ्यात कडक आणला. पेस्टही ती पांढरं करणारी, बोटात घेतली तर बारीक वाळू लागावी अशी. हात तोच, करकर तीच. पन्नाशीपर्यंत हिरडीच्या वर दातांना खाचा पडल्या. पांढरं कवच गेलं आणि आतलं पिवळं दिसायला लागलं. हिंगोलीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्या हातात आरसा दिला. म्हणाल्या, "काका, हे किडलेले नाहीत, झिजवलेले आहेत. कानस मारल्यासारखे घासलेत तुम्ही." मऊ ब्रश घ्या, ठणक थांबवणारी साधी पेस्ट घ्या, हात हलका ठेवा, असं सांगितलं. ह्यांनी थोडे दिवस केलं आणि सोडलं. "लोणी फासल्यावानी वाटतं, घासल्यावानी वाटतच न्हाई." गिरणीचा दगड गुळगुळीत झाला की हे स्वतः छिन्नी-हातोडीनं टाकी लावून त्याला परत धार आणायचे. एकदा मोरीतून येऊन म्हणले, "दगडाला टाकी लावता येते सुमन, दाताला न्हाई येत." त्यानंतर दातांचा विषय काढला की चिडायचे, म्हणून मी काढणं सोडलं.

गार पाणी बंद झालं. ऐन मे महिन्यात लोक माठाचं पाणी पीत असताना हे चुलीवरच्या तपेल्यातलं कोमट मागायचे. चुकून गार लागलंच तर ह्यांचा डावा डोळा गच्च मिटायचा, ओठाचं उजवं टोक वर जायचं आणि मान जराशी कलायची. क्षणभरच. न माहीत असलेल्याला वाटावं, माणूस डोळा मारतोय. गावाला मात्र सांगायचे, खोकल्यामुळं कोमट पितो. दात गेले म्हणायची लाज वाटायची त्यांना. आमचा विनोद तोवर शिकायला बाहेर गेला होता, मग पुण्याला कंपनीत लागला. त्यालाही एवढंच माहीत, की बाबा खोकल्यामुळं कोमट पाणी पितात. खरं कारण मला आणि त्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

दळण

खोट्या खोकल्याचा मग खरा खोकला झाला. आधी वाटलं, पिठाची धूळ आहे, जाईल. मग गिरणीच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला. मग बसल्या जागी बोलताना. नांदेडला नेलं, छातीचा स्कॅन काढला. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला आणि आमच्याकडं बघायच्या आधी खुर्ची सरकवून घेतली. तेव्हाच मला कळलं होतं.

"फुफ्फुसं आखडत चाललीत," ते म्हणाले. "धुळीमुळं असेल, आणखी कशामुळं असेल. औषधानं वेग कमी होईल, पण हे मागं फिरत नाही."

ह्यांनी तो फोटो आपल्या हातात घेतला. मग विचारलं, "मंग गिरणी चालू ठिवू का बंद करू?"

"बंद करा."

एवढाच प्रश्न विचारला त्यांनी. परत येताना वारंगा फाट्यावर बस थांबली. मी दोन चहा घेतले. ह्यांनी कप हातात धरून निवू दिला, पिला नाही, आणि म्हणले, "लोक दळण कुठं नेतील आता?" माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "लोकांचं दळण गेलं खड्ड्यात. माझं काय करायचं ते सांगा." आणि तिथंच, बसच्या ड्रायव्हर-कंडक्टरसमोर, पदर तोंडात कोंबून रडले. ह्यांनी मला थांबवलं नाही. बस सुटायची वेळ झाली तेव्हा फक्त कोपराला हात लावून म्हणले, चल.

गिरणी बंद झाली आणि घरात ऑक्सिजन देणारं हवेचं मशीन आलं. दिवसरात्र त्याची घुरघुर. लाइट गेली की ते बंद पडायचं आणि मी सिलिंडरकडं धावायची. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. एक म्हणायचा शेळीचं दूध पाजा, एक म्हणायचा मशीनची सवय लावू नका, फुफ्फुस आळशी होतं. मी शेवटी एकाला म्हणलं, तुम्ही नाक दाबून बसा थोडा वेळ, मग आपण सवयीचं बोलू. तो परत आला नाही. हे त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसले, आणि हसले म्हणून मग खोकत राहिले.

पहिली नळी

एका हिवाळ्यात छातीत कफ भरला. नांदेडला आयसीयूत ठेवलं आणि घशात नळी घालून मशीनवर घेतलं. तेव्हा कुणी फार विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी आम्ही हो म्हणलो असतो. वाचतील असं डॉक्टरांनाही वाटत होतं. वाचलेही. पण ते दिवस मी विसरणार नाही. नळी उपसू नये म्हणून हात पलंगाला बांधलेले. डोळे उघडे, त्यातून पाणी. बोलता येत नाही. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा आत सोडायचे, तेवढ्यात मी त्यांचे बांधलेले हात चोळायची. मला वाटायचं ते माझ्यावर रागावलेत.

तिथल्या एका सिस्टरनं मला एक काम दिलं, तिचे उपकार. नळीच्या बाजूनं तोंड कसं पुसायचं ते दाखवलं. म्हणाली, "आजी, दात फार नाजूक झालेत यांचे, दाबू नका." नळीच्या कडेला पुढच्या एका पातळ झालेल्या दाताचा टवका उडाला होता. मी घरून थर्मासात कोमट पाणी न्यायला लागले आणि त्यात बोळा भिजवून पुसायची. तेवढा वेळ त्यांचं कपाळ सैल पडायचं. सगळ्या दवाखान्यात माझ्या हातात तेवढंच होतं.

नळी निघाली. घरी आले. आवाज फाटका झाला होता, पण दुसऱ्याच दिवशी मला जवळ बसवलं.

"सुमन, परत नळी न्हाई."

"तसं कसं म्हणता?"

"ऐक. मला सगळं कळून राहिलं होतं. तू येत होती, जात होती. हाक मारता येईना. पाणी मागता येईना. आतल्या आत ओरडत होतो मी." थांबून दम घेतला. "मेलो तर मेलो. पण तोंड मोकळं ठेव माझं."

मी मान हलवली. ते म्हणले, मान नको, तोंडानं बोल. मी म्हणलं, "ठेवते."

मग त्यांना काय सुचलं कोण जाणे. म्हणले, "आन् शेवटचं पाणी पाजशील ते कोमट पाज बरं का. मरताना दात ठणकला तर तुलाच शिव्या देत जाईन." मी त्यांना चांगलं झापलं. पण आम्ही दोघंही हसलो, हेही खरं आहे.

पुढच्या तपासणीला त्यांनी हिंगोलीच्या डॉक्टरांनाही माझ्यासमोर सांगितलं. विनोदला फोनवर सांगायला गेले तर तो म्हणाला, "बाबा, असलं काही बोलू नका. मी ऐकणार नाही." आणि दुसरा विषय काढला. ह्यांनी फोन माझ्याकडं दिला. मी पण नाही बोलले. पुढच्या खेपेला बोलू, असं प्रत्येक खेपेला ठरवलं.

बायांनो, इथं थांबून सांगते. ही पुढची खेप ठेवू नका. माणूस शुद्धीवर असताना सगळ्या लेकरांना एका जागी बसवा आणि त्याच्या तोंडून ऐकवा. रडतील, उठून जातील, परत बसवा.

डोळा

पुढच्या वर्षी, पोळ्याच्या सुमारास, ताप आला आणि चढतच गेला. हिंगोलीला ॲडमिट केलं. नाकातोंडावर घट्ट पट्ट्यांचा मास्क. दोन दिवसांत गुंगी आली. हाक मारली की पापणी थरथरायची, बस.

डॉक्टरांनी मला आणि धाकट्या दिरांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. "मास्क आता पुरत नाही. पुढची पायरी म्हणजे घशात नळी आणि मोठं मशीन, त्यासाठी नांदेडला न्यावं लागेल. मी खोटी आशा देत नाही. फुफ्फुसात काही उरलेलं नाही. या वेळी नळी घातली तर ती निघेल असं मला वाटत नाही. आणि तुम्ही नको म्हणालात तर मी हात झटकणार नाही. दम कोंडल्याची तकलीफ होऊ नये याचं औषध देईन. ते शांत राहतील."

मी म्हणलं, "नळी नको. त्यांनी स्वतः सांगितलंय तुम्हाला."

"मला आठवतं," डॉक्टर म्हणाले. "पण घरच्यांचं एकमत पाहिजे."

दीर जमिनीकडं बघत होते. म्हणले, "वहिनी, विनोद एकुलता हाय. त्याला येऊ द्या. उद्या तो म्हणंल, काकानं आन् आईनं परस्पर ठरवलं. लोक तर म्हणतीलच." मला लोकांचा राग आला, पण भाऊजी खोटं बोलत नव्हते.

विनोद दुपारी पोचला. बसस्टँडवरून पळत आला होता, घामानं शर्ट अंगाला चिकटलेला. बापाला बघून दारातच थबकला. आपल्याकडं शेवटचं पाणी लेकाच्या हातचं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. सिस्टर म्हणाली, मास्क थोडा वर करते, चमचाभरच द्या, सावकाश. चमचा शोधायला तो थांबला नाही. बॅगेतली पाण्याची बाटली काढली आणि टोपणात ओतलं. मी पायथ्याशी तळवे चोळत होते. बाटलीच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचे थेंब जमलेले मला दिसले. दुकानाच्या फ्रीजमधली बाटली. मी "अरे" म्हणेपर्यंत पाणी दातांना लागलं होतं.

ह्यांचा डावा डोळा गच्च मिटला. ओठाचं टोक वर गेलं. मान कलली. मग चेहरा परत कोरा.

विनोदच्या हातातली बाटली खाली पडली. "आई, बघितलंस? काका, बघितलं तुम्ही? बाबांनी डोळा मारला मला."

लहानपणी मी त्याला रागवायला लागले की हे माझ्या पाठीमागं उभे राहून त्याला डोळा मारायचे. मग दोघं हसायचे आणि मी आणखी चिडायची. पोरगं त्या आठवणीला धरून बसलं होतं. गुंगीतल्या बापानं आपल्याला ओळखलं, आपली जुनी खूण केली, असं त्याला वाटलं. "शुद्धीवर आहेत ते. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्यायचं. नळी घाला, काय पाहिजे ते घाला," असं म्हणत तो डॉक्टरांना शोधायला धावला. दिरांचेही डोळे भरले. "वहिनी, वळखलं ओ दादानं लेकराला. आता कसं न्हाई म्हणायचं?"

ॲम्ब्युलन्स सांगायची का, असं विचारायला डॉक्टरांनी सिस्टरला माझ्याकडं पाठवलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

आयुष्यात मला इतकं कधीच कोंडल्यासारखं झालं नव्हतं. मी गप्प बसले असते तर लेकाला जन्मभर पुरेल अशी गोष्ट त्याच्याकडं राहिली असती, की बाबांनी मला शेवटी ओळखलं. आणि त्याच्या बदल्यात ह्यांच्या घशात नळी, हात बांधलेले, आतल्या आत ओरडणं, तसंच संपेपर्यंत. बोलले असते तर नळी टळली असती, पण ती गोष्ट मी माझ्या हातानं पोराकडून काढून घेतली असती. कुणी म्हणतं आईचं काळीज मोठं असतं. माझं त्या घडीला वाटाण्याएवढं झालं होतं. पण मी तोंडानं बोलले होते, ठेवते म्हणून.

मी विनोदला दंडाला धरून जिन्यापाशी नेलं.

"तो डोळा दाताचा हाय," मी म्हणलं.

"काय?"

"गार पाणी लागलं त्यांच्या दाताला. दात झिजलेत, ठणकतात. असंच तोंड करतात ते. डावा डोळा मिटतो, ओठाचं उजवं टोक वर जातं. किती वर्षांपासून बघून राहिले मी."

"बाबा कोमट पाणी खोकल्यासाठी प्यायचे."

"न्हाई रं. दातासाठी. तुला सांगायची लाज वाटायची त्यांना."

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जशी मी कुणी परकी बाई आहे. मग दात आवळून म्हणाला, "तुला बाबा नको झालेत का?"

ते मी गिळलं. उलटून बोलायचा माझा स्वभाव, पण गिळलं. दीर मागून आले होते, त्यांनी ऐकलं होतं. म्हणले, "मंग परत थेंबभर गार लावून बघायचं का? खरं-खोटं कळंल."

मी वळले. "हात लावून बघा त्यांना. कुणीबी." दीर मागं सरले.

विनोद जिन्यावर बसला. त्याला बापाचं नळीबद्दलचं सगळं बोलणं मी सांगितलं, जे फोनवर त्यानं ऐकलं नव्हतं. हाक मारता येईना, पाणी मागता येईना, सगळं. तो ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. मग त्यानं विचारलं, "मग मला ओळखलंच नाही त्यांनी?"

ओळखलं रे, असं म्हणायला काय लागत होतं मला? पण तेवढ्यावर तो परत उठला असता आणि नांदेडची गाडी बोलावली असती. मी म्हणलं, "मला माहीत न्हाई, बाळा. डोळा मात्र दाताचा होता."

तो उठला आणि जिना उतरून गेला. मला वाटलं गेला, ॲम्ब्युलन्स आणायला गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. आत जायचा धीर होईना.

चमचा

तो आला तेव्हा त्याच्या हातात खालच्या चहावाल्याचा कागदी कप होता आणि खिशात चमचा. आधी डॉक्टरांकडं गेला. दारातून मला त्याचा आवाज ऐकू आला. "नळी नको, सर. बाबांनी नको म्हटलं होतं. तुम्ही ते औषध द्या." डॉक्टरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सिस्टरला सांगितलं.

सुई दिल्यावर ह्यांच्या छातीची ओढाताण हळूहळू कमी झाली. खांदे खाली आले. नळी नको म्हणजे इलाज नको असं नसतं, हे त्या दिवशी मी डोळ्यांनी बघितलं. संध्याकाळी ते गेले, आम्ही सगळे शेजारी असताना, हात मोकळे आणि तोंड मोकळं. पण मला जे सांगायचं ते त्याच्या आधीचं आहे.

सिस्टरनं मास्क वर केला. विनोदनं कपातलं पाणी आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघितलं, लहान लेकराचं दूध बघतात तसं. मग ओठाला लावून बघितलं. मग चमचा भरला आणि बापाच्या ओठांच्या मधे धरला. मी खालून त्याच्या हाताला आधार दिला. पाणी दातांवरून आत गेलं. आम्ही दोघंही ह्यांच्या डाव्या डोळ्याकडं बघत होतो. तो हलला नाही. ओठ हलला नाही. गळ्याची घाटी तेवढी खालीवर झाली.

"या वेळी नाही मारला डोळा," विनोद म्हणाला.

"न्हाई," मी म्हणलं. "बराबर कोमट झालंय."

त्यानं दुसरा चमचा भरला.